वाळूचा दांडा आणि खाडीचे मुख

लाटांनी किनाऱ्यालगत वाहून आणलेली वाळू नदीच्या मुखाशी साचत गेली की वाळूचा दांडा तयार होतो. त्याचे एक टोक जमिनीला जोडलेले, दुसरे मोकळे. मोकळ्या टोकापलीकडे खाडीचे मुख. मुख रुंद राहील, सरकेल की बुजेल, हे लाटा किती वाळू आणतात आणि पाणी किती बाहेर ढकलते यावर ठरते.

कोल्हापूर जिल्ह्याला किनारा नाही, तरी गगनबावड्याचा पाऊस दोन्ही समुद्रांना जातो. पश्चिमेचे पाणी करूळ घाटाखाली उतरून विजयदुर्गच्या खाडीला मिळते. पूर्वेचे कुंभी, पंचगंगा आणि नृसिंहवाडीपासून कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोहोचते.

कोल्हापूरकरांच्या ओळखीचा दांडा म्हणजे मालवणजवळचे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. दांड्यामागून ती दक्षिणेकडे वाहत जाते आणि टोकाशी, भोगवे गावासमोर, समुद्राला मिळते. ओहोटीला या संगमावर वाळूचे पट्टे उघडे पडतात.

मुख वर्षभर उघडे ठेवण्याचे मुख्य काम भरती-ओहोटीचे. साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आत-बाहेर होणारे पाणी जास्त, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) कमी. खाडीत जितके पाणी शिरते त्या प्रमाणात मुखाचा काटछेद (आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) असतो, हे अभियंते ओब्रायन यांनी १९३१ मध्ये मांडले. अभियंते एस्कॉफिए यांनी १९४० मध्ये पुढची बाब दाखवली: मुख थोडे अरुंद झाले तर प्रवाहाचा वेग वाढून वाळू खरवडली जाते, पण मर्यादेपलीकडे आक्रसले तर घर्षणामुळे वेगच पडतो आणि ते बुजत जाते.

नदीचा जोर पावसाळ्यापुरता. पूर ओहोटीच्या वेळी आला तर मुख खोल कापतो, प्रसंगी दांड्याची अरुंद मान फोडून नवी वाट काढतो. भरतीच्या वेळी आला तर पाणी तुंबून काठच्या वाड्यांत शिरते. कोकणात मोठ्या लाटाही याच महिन्यांत येतात, त्यामुळे दांडा दोन्ही बाजूंनी झिजतो. पावसाळ्यानंतर लाटा शांत होतात आणि वाळू हळूहळू परतते.

म्हणून केवळ समुद्राच्या बाजूने धूपप्रतिबंधक बंधारा घालणे अपुरे आहे. खाडीतील खाजणे (भरतीचे पाणी शिरते ती सखल जमीन) बांध घालून खाडीपासून तोडली, तर आत शिरणारे पाणी घटते आणि मुख आक्रसते. धरणांमुळे गाळही अडतो: कृष्णेच्या खोऱ्यातील धरणांनी तिच्या त्रिभुज प्रदेशाकडे जाणारा गाळ बराच कमी झाला असून तेथील किनाऱ्याचे काही भाग मागे हटले आहेत.