बालरोग संशोधकाचे पेपर, सायटेशन आणि एच-इंडेक्स: हे आकडे आले कुठून?

सोलापुरात बालरोगाच्या परिषदेत वक्त्याची ओळख करून देताना हल्ली पदव्यांच्या पाठोपाठ पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्यांचा दिलेला संदर्भ) किती आणि एच-इंडेक्स किती, हेही वाचून दाखवतात. यातलं सायटेशनचं मोजमाप मुळात माणसांसाठी नव्हतंच.

अमेरिकेतल्या वकिलांकडे १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ ही सूची होती. एखाद्या निकालाचा आधार पुढे कुठे घेतला गेला, तो कुठे फिरवला गेला, हे तिच्यात सापडे. हीच रीत विज्ञानाला लावावी, असं युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सुचवलं आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. त्यात कोणती नियतकालिकं घ्यायची, हे ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टर कामी आला. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले लेख, असा तो हिशेब. त्यातही मेख आहे: संपादकीयं आणि पत्रं यांना मिळालेली सायटेशन वरच्या आकड्यात धरतात, पण खाली भागताना ती लेखांत मोजत नाहीत. शिवाय हा आकडा नियतकालिकाचा; त्यात छापून आलेल्या प्रत्येक पेपराचा नव्हे.

आपल्याकडची घडीही त्याच सुमारास बसत होती. ‘इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’ १९३३ पासून निघत होतं. बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६३ ची, तिचं ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ १९६४ चं, आणि सोलापूरचं वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयही १९६३ चं. इथलं जुनं काम शोधणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: जुन्या लेखांत गावाचं इंग्रजी स्पेलिंग ‘शोलापूर’ असं असतं, म्हणून दोन्ही स्पेलिंगं टाकून शोधावं लागतं. महाविद्यालयाचं नावही कुणी ‘डॉ. व्ही. एम.’, कुणी पूर्ण ‘वैशंपायन मेमोरियल’, तर कुणी नुसतं ‘गव्हर्न्मेंट मेडिकल कॉलेज’ लिहितं. डेटाबेसला ती वेगवेगळ्या संस्था वाटू शकतात. आडनावांचं तेच. पाटील, कुलकर्णी यांची गर्दी होते, तर इथल्या तेलुगू आणि कन्नड आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं पेपरागणिक बदलतात. मग एका डॉक्टरची दोन प्रोफाइलं होतात किंवा दोघांचे पेपर एकात जातात. २०१२ मध्ये सुरू झालेला ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा वेगळा क्रमांक, यासाठीच आहे; मात्र तो पेपर पाठवतानाच दिलेला बरा.

एच-इंडेक्स २००५ चा, होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा. जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन आहेत, तो एच. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे: ६०, २२, ९, ६, ५, ३, १. पाचव्या पेपराला ५ सायटेशन आहेत, सहाव्याला ३ च. म्हणून एच ५. पहिल्या पेपराची सायटेशन ६० ऐवजी ६०० झाली तरी तो ५ च राहतो, आणि वय वाढेल तसा तो वाढतो, कमी कधीच होत नाही. शेकडो लेखकांच्या जागतिक अभ्यासात एक नाव असलं, की तो पेपर रांगेत वर जाऊन बसतो; नेमकं काम काय केलं ते यातून कळत नाही.

भारतात या आकड्यांना वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या बढतीची धार आली. मेडिकल कौन्सिल या तेव्हाच्या नियामक संस्थेच्या २०१५ च्या खुलाशानुसार बढतीसाठी मूळ संशोधनपर लेखच चालत, आणि श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच. नियतकालिकांच्या मान्य सूचींमध्ये इंडेक्स कोपर्निकसही होती. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्यांचं त्यात चांगलंच फावलं. २०२० मध्ये ती सूची वगळली, पहिले तीन लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक यांना मान्यता मिळाली. तोवर कित्येक प्रबंध अशा ठिकाणी जाऊन पडले होते, जिथे ते पुन्हा कुणी वाचणार नाही.

याउलट गडचिरोलीचं उदाहरण पाहा. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा घरोघरच्या नवजात बालसेवेचा पेपर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेला, आणि सेवेच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ वर. त्याला सायटेशन भरपूर मिळाली. पण २०११ मध्ये ही सेवा राष्ट्रीय कार्यक्रमात आली, त्याची नोंद सायटेशनमध्ये होत नाही. अक्कलकोट किंवा मोहोळ तालुक्यातली आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, ती याच कामाच्या जोरावर. एच-इंडेक्सला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून आकडा सांगताना सोबत डेटाबेस आणि तारीख लिहावी. गूगल स्कॉलर प्रबंध आणि संकेतस्थळांवरच्या फायलीही मोजतं, म्हणून त्याचा आकडा बहुधा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या डेटाबेसपेक्षा मोठा दिसतो. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वजा करून पाहण्याची सोय स्कोपसमध्ये आहे. आणि बालरोगतज्ज्ञाची तुलना हृदयरोगतज्ज्ञाशी करू नये; तिथे लिहिणारेच जास्त, त्यामुळे सायटेशनही जास्त.