रक्तातली चरबी: घराण्याची किती, चालण्याची किती

चार महिने रोज चालूनही कोलेस्टेरॉल उतरलं नाही, की नागपुरातल्या घरात दोषी लगेच ठरतो: रविवारचं सावजी, सकाळचे तर्री पोहे, नाहीतर चालणाऱ्याचा आळस. कधी कधी दोष तिथे असतोही. पण हा निवाडा घाईने करू नये, असं गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचं संशोधन सांगतं.

1930 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतले डॉक्टर कार्ल म्युलर यांनी काही कुटुंबांची नोंद केली. त्यांच्यात स्नायुबंधांवर पिवळसर गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि लवकर येणारा हृदयविकार पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चालत आले होते. चरबी घराण्यातून येते, याचा हा ठळक पुरावा.

व्यायामाची गोष्ट लंडनच्या दुमजली बसमधून सुरू झाली. दिवसभर बसून असलेले ड्रायव्हर आणि जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढणारे-उतरणारे कंडक्टर यांची जेरी मॉरिस यांनी तुलना केली. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी आढळला. मला मात्र त्यांचं पुढचं पाऊल जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तेव्हा तरुण ड्रायव्हरांच्या पँटची कंबरही कंडक्टरांपेक्षा मोठीच निघाली. म्हणजे फरक सगळा पायऱ्यांनी घडवलेला नव्हता. काही भाग माणूस नोकरीवर येतानाच सोबत घेऊन येत होता. 1956 मध्ये त्यांनी हे स्वतःच छापलं.

हा सोबत आणलेला भाग शरीरात काम कसा करतो, ते 1970 च्या दशकात उलगडलं. अमेरिकेत मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवलं की रक्तातलं एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उचलून घेणारे रिसेप्टर पेशींवर असतात, आणि काही जणांत ते जन्मतःच कमी किंवा सदोष असतात. 1985 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोषाची सौम्य जात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असते, आणि कितीही चाललं तरी तो दोष दुरुस्त होत नाही.

चालण्याचा मुख्य परिणाम वेगळ्या जागी होतो. स्नायूंच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज नावाचं, चरबी फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. व्यायामाने त्याचं काम वाढतं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, उतरतात. पण एका व्यायामाचा हा परिणाम फार तर दोन-तीन दिवस टिकतो, म्हणून आठवड्यातून एकदाच दमछाक करून भागत नाही.

1990 च्या दशकात क्लोद बुशार यांच्या हेरिटेज अभ्यासाने दोन्ही धागे एकत्र आणले. बैठ्या सवयीच्या कुटुंबांकडून 20 आठवडे सायकलचा सारखाच व्यायाम करून घेतला. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, सरासरी जेमतेम 3-4 टक्के वाढलं. पण कुणाचं भरपूर वाढलं, कुणाचं हललंच नाही, काहींचं तर घटलं. व्यायामाला शरीर किती प्रतिसाद देतं, यातही आनुवंशिकतेचा वाटा आहे.

अंबाझरी तलावावर पहाटे सोबत फिरणाऱ्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाचा रिपोर्ट सुधारतो आणि दुसऱ्याचा अडून राहतो, तो म्हणूनच. आईवडिलांकडून दोघांना एकच वाटणी मिळालेली नसते. दुसऱ्याने फिरणं सोडू नये: रक्तदाब, साखर, पोटाचा घेर यांवरचा फायदा त्यालाही मिळतो. एलडीएलसाठी मात्र वेळेवर गोळी घ्यावी लागली, तर त्यात कमीपणा कसला?

आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (2014) 79 टक्के प्रौढांत चरबीचा निदान एक तरी आकडा बिघडलेला होता, आणि 72 टक्क्यांत एचडीएल कमी होतं. 2024 मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी, घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर त्याही आधी, असं सुचवलं. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीवाहक कण, किमान एकदा तपासून घ्यावं, हेही त्यातच आहे. हा आकडा जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतो आणि व्यायामाने फारसा बदलत नाही.