फौजेच्या थकबाकीत गहाण पडलेला वऱ्हाड

वाशीम-पुसदकडची जुनी माणसे पैनगंगेपलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. तिकडे निजामाचे राज्य आणि आपण इंग्रजी अमलातले, असा त्या शब्दाचा अर्थ होता. कागदोपत्री मात्र त्यांच्या पायाखालची काळी जमीनही निजामाचीच होती, आणि इंग्रज तिथे मालक म्हणून नव्हे, तर एका फौजेच्या खर्चापोटी येऊन बसले होते.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हाऱ्याजवळच्या आडगावच्या रानात इंग्रज सेनापती वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि पंधरवड्यानंतर मेळघाटच्या माथ्यावरचा गाविलगड पडला. तोवर वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही वसूल चाले. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा भोसल्यांचा हक्क संपला आणि तो मुलूख इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाच्या पदरात पडला.

ही मैत्री निजामाला महागात पडली. इंग्रजांशी झालेल्या १८०० च्या तहाप्रमाणे युद्धप्रसंगी मदतीला सैन्य देणे एवढेच त्याच्यावर बंधन होते. परंतु त्यातूनच इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'हैदराबाद कंटिन्जंट' ही कायमची फौज उभी राहिली, जिच्यावर हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे हैदराबादेतल्या इंग्रज वकिलाचा, चाले आणि जिचा पगार निजामाच्या खजिन्यातून जाई. अचलपूरला लागून असलेले परतवाडा ही याच फौजेची छावणी होती. खजिना आटला, पगार थकले, कंपनीने पैसे पुरवून ते कर्ज म्हणून मांडले आणि २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसीने तेव्हाचा निजाम नासिरुद्दौलाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. १८६० मध्ये, १८५७ च्या उठावातील मदतीबद्दल, कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले, पण वऱ्हाड मात्र परत दिला गेला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि खामगाव-अमरावतीच्या बाजारांना केवढे मोल आले, हे लक्षात घेतले की इंग्रजांनी हा मुलूख पुढेही का सोडला नाही ते कळते. ज्याच्या सारावसुलीवर हा सगळा व्यवहार चालला होता, त्या वऱ्हाडी कास्तकाराला कोणत्याही तहात कोणी विचारले नाही, आणि मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत बोचते.

निजामाचा दिवाण सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. ज्या कंटिन्जंटसाठी तो घेतला होता, ती फौज त्याच सुमारास इंग्रजी लष्करात विलीन होऊन नाहीशी झाली!

निजाम उस्मान अली खानाने १९२३ मध्ये पुन्हा मागणी केली. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये दिलेले उत्तर साऱ्या संस्थानिकांना हादरवणारे ठरले: हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ताच सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र नेहमी उद्धृत होते, पण ते वऱ्हाडच्या जमिनीवरून लिहिले गेले याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.

तरीही १९३६ च्या कराराने निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य झाले. त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाबरोबर निजामाचे निशाण फडकवण्याची मुभा देण्यात आली. ज्या प्रदेशाचा हा राजपुत्र, त्याचा कारभार मात्र नागपूरहूनच चालत राहिला.