जपानी फुटबॉल एजंट

फुटबॉल एजंटला जपानीत ‘दाइरिनिन’ म्हणतात. खेळाडूच्या वतीने क्लबशी करार ठरवायचा, बदलीचा व्यवहार जमवायचा आणि त्यावर कमिशन घ्यायचे, हे त्याचे काम. ‘दलाल’ म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठी पडते, पण जपानी फुटबॉलच्या युरोपवारीत या दलालीचा वाटा मोठा आहे.

हा धंदा तसा नवा. १९७७ साली यासुहिको ओकुदेरा जर्मनीतील कोलोन क्लबकडे गेला तो फुरुकावा इलेक्ट्रिकच्या संघातून. त्या काळी खेळाडू कंपनीचे नोकरदार असत, तेव्हा घासाघीस करायला मधला माणूस कशाला लागेल? १९९३ मध्ये जे-लीग ही जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडू व्यावसायिक झाले आणि करारांबरोबर एजंटही आले.

१९९८ च्या विश्वचषकातील जपानचे बावीसच्या बावीस खेळाडू जे-लीगचे होते. त्याच वर्षी हिदेतोशी नाकाता इटलीतील पेरूजाकडे गेला. पदार्पणातच त्याने युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले. पेरूजा हरले ३-४ असे, पण नाव झाले नाकाताचे. त्याचे व्यवहार सनी साइड अप ही टोकियोतील जनसंपर्क कंपनी पाहत असे. खेळाडू म्हणजे पायांइतकाच चेहराही, हे तिने ओळखले होते.

पुढे मात्र जपानी खेळाडू कवडीमोलाने जातात अशी ओरड सुरू झाली, आणि ती खोटी नव्हती. २०१० मध्ये शिंजी कागावा जर्मनीतील डॉर्टमुंड क्लबकडे गेला तो जेमतेम साडेतीन लाख युरोंच्या प्रशिक्षण-भरपाईवर, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या क्लबला द्यायच्या रकमेवर. दोन हंगामांत बुंडेसलिगा या जर्मन लीगची दोन विजेतेपदे, मग थेट मँचेस्टर युनायटेड. त्याचा एजंट थोमास क्रोट हा जर्मन, स्वतः डॉर्टमुंडचा माजी खेळाडू. युरोपातल्या क्लबांत ऊठबस असलेला माणूस हाताशी असणे किती मोलाचे, ते इथे दिसते.

एजंटांच्या परवान्याचे नियम अधूनमधून बदलत राहिले. २०१५ मध्ये फिफाने परवानापद्धतच काढून टाकली आणि २०२३ मध्ये परीक्षेसह पुन्हा आणली.

मधल्या माणसावर अवलंबून राहण्यापेक्षा दरवाजाच विकत घ्यावा, हा उद्योजकी विचार २०१७ मध्ये प्रत्यक्षात आला. डीएमएम या टोकियोतील इंटरनेट कंपनीने बेल्जियममधील सिंट-ट्रुइडेन क्लब ताब्यात घेतला आणि कारभार एफसी टोकियोचे माजी महाव्यवस्थापक ताकायुकी तातेइशी यांच्याकडे सोपवला. गाव फळबागांचे, लहानसे. पण बेल्जियममध्ये युरोपबाहेरील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा नाही, फक्त त्यांना ठरावीक किमान पगार द्यावा लागतो. ताकेहिरो तोमियासू १९ व्या वर्षी इथे आला. पुढे बोलोन्या, मग आर्सेनल. वातारू एंदोही इथूनच स्टुटगार्टमार्गे लिव्हरपूलला पोहोचला. २०२२ च्या विश्वचषकातील २६ जणांच्या जपानी संघात जे-लीगचे खेळाडू उरले होते सात.