जुन्या पिकअप ट्रकमधील ब्रेक ऑइल गळतीचे निदान

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणाऱ्या पंपापासून) चाकांपर्यंतचा मार्ग पूर्णपणे बंद असतो. या मार्गातून ब्रेक ऑइल बाहेर झिरपू लागणे म्हणजे गळती, आणि ते नेमके कोणत्या भागातून निघते हे ठरवणे म्हणजे तिचे निदान. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही सारी यंत्रणा उभी असल्याने गळती लहान असो वा मोठी, तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जुन्या पिकअपमध्ये हे काम मोटारीपेक्षा अवघड ठरते, कारण लांब चासीच्या कडेने मागपर्यंत गेलेल्या पोलादी नळ्या चिखलपाण्याला उघड्या असतात, मागच्या चाकांना बहुधा ड्रम ब्रेक असतात आणि बऱ्याच वाहनांत मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्हही असतो.

ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी उतरली म्हणजे गळती आहेच, असे समजणे घाईचे होईल. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागे जास्त ऑइल मावते. त्यामुळे महिनोन्‌महिने सावकाश उतरणारी पातळी निव्वळ झिजेचीही असू शकते. हायड्रॉलिक क्लच असलेल्या काही पिकअपमध्ये क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. अशा वाहनात गिअरबॉक्सजवळचा क्लचचा सिलिंडर न पाहता केलेले निदान अपुरे राहते. मात्र ऑइल भरल्यावर काही दिवसांतच पातळी पुन्हा उतरत असेल, तर ते कोठून तरी बाहेर पडतच आहे.

जमिनीवरील डाग ब्रेक ऑइलचाच आहे का, हे आधी ठरवावे. ताजे ब्रेक ऑइल पारदर्शक किंवा फिकट पिवळसर, जुने तपकिरी ते काळपट, आणि दोन्ही पातळ व बोटांना गुळगुळीत लागणारी असतात. डॉट हा ब्रेक ऑइलच्या डब्यावरील प्रतीचा क्रमांक असतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलवर्गीय ऑइले पाण्यात मिसळतात, तर इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल पाण्यावर तरंगते. म्हणून वाटीभर पाण्यात टाकलेला एक थेंब बऱ्याचदा शंका मिटवतो. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र पाण्यात मिसळत नाही. मागच्या चाकाच्या आतील बाजूस दिसणारा दाट, गंधकासारख्या उग्र वासाचा ओलावा डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधील गिअरपेटीच्या) गिअर ऑइलचा, म्हणजेच ॲक्सलचे सील गेल्याचा असतो. या दोन गळतींची गल्लत फार वेळा होते आणि चांगला व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने चाकाचा ड्रम ब्रेक लावणारा भाग) विनाकारण बदलला जातो.

पेडलवरून गळतीची दिशा कळते. दुहेरी मास्टर सिलिंडर असलेल्या पिकअपमध्ये सहसा पुढच्या चाकांचा मार्ग वेगळा आणि मागच्या चाकांचा वेगळा असतो, त्यामुळे एक मार्ग रिकामा झाला तरी दुसरा काही प्रमाणात ब्रेक देतो. पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाते आणि इशारादिवा असेल तर तो लागतो. एकेरी मास्टर सिलिंडरच्या फार जुन्या वाहनांत ही सोय नसते आणि एका नळीच्या फुटण्याने चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन-तीनदा पंप मारल्यावरच ब्रेक लागत असेल, तर हवा शिरल्याचा किंवा ड्रमचे लायनर (ड्रमवर आतून घासणारे अस्तर) सैल झाल्याचा संशय घ्यावा. पाय तसाच दाबून धरला असता पेडल हळूहळू बसत जाते, पण टाकीतील पातळी हलत नाही आणि बाहेर कोठे ओल दिसत नाही, तेव्हा ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत सील ओलांडून परत येत असण्याचा संभव सर्वाधिक असतो. यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यावर वाहन रस्त्यावर नेऊन ‘चालवून पाहणे’ ही निदानाची पद्धत नव्हे. सारी तपासणी उभ्या वाहनावर, चाकांना अडणी लावून आणि जॅकवर विसंबून न राहता स्टँडवर करावी.

प्रत्यक्ष शोधाचा मुख्य नियम असा की थेंब जेथे पडतो ते ठिकाण उगमाचे असेलच असे नाही. ऑइल नळीवरून उताराने वाहते आणि धावत्या वाहनाखालच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून ओलाव्याची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची कड शोधावी लागते. संशयित भाग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे पुसावेत, इंजिन चालू ठेवून साहाय्यकाला पेडल दाबून धरायला सांगावे आणि पहिला ओलसर ठिपका कोठे उमटतो ते पाहावे. काही भोके दाबाखालीच उघडतात, तर काही सील फक्त वाहन रात्रभर उभे असताना झिरपतात. त्यामुळे खाली पुठ्ठा अंथरून सकाळी पाहण्याची साधी युक्तीही वापरावी.

मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले तर ऑइल व्हॅक्यूम बूस्टरमध्ये (इंजिनच्या निर्वाताने पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) ओढले जाते. तेव्हा बाहेर एक थेंबही न सांडता टाकी रिकामी होत राहते, आणि ते ऑइल इंजिनात जळल्याने पांढरा धूरही येऊ शकतो. बूस्टरच्या पुढच्या बाजूस मास्टर सिलिंडरखाली रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसणे ही याची ओळखीची खूण आहे, कारण ग्लायकॉलवर्गीय ऑइल रंग खाते. खात्री करण्यासाठी मास्टर सिलिंडरचे नट सोडून, नळ्यांवर ताण न देता तो किंचित पुढे ओढावा आणि मागचे तोंड ओले आहे का ते पाहावे.

पोलादी नळ्या सहसा मधोमध नव्हे, तर क्लिपांच्या मागे, इंधनटाकीच्या वर आणि चासीच्या कोपऱ्यांत, म्हणजे जेथे माती साचून ओल टिकते तेथे सडतात. गंजाचा फुगवटा आलेली नळी आज गळत नसली तरी बदलण्याजोगीच समजावी. चासी आणि मागचा ॲक्सल यांना जोडणारा रबरी होज वाकवून भेगा पाहाव्यात.

ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोथट साधनाने अलगद उचलावी. आत नुसता दमटपणा असेल तर तो सहसा चालतो. टोपीत ऑइल साचलेले असेल किंवा बाहेर ओघळले असेल, तर सिलिंडर निकामी समजावा. ऑइलने भिजलेले लायनर धुऊन भागत नाही, ते त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये.

दुरुस्तीत ब्रेकसाठीच बनवलेली पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी, दुहेरी फ्लेअर करून, म्हणजे टोक पसरवून दुहेरी दुमडून, वापरावी. साधी तांब्याची नळी किंवा कॉम्प्रेशन जोड या दाबासाठी नसतात. शेवटी ऑइलच्या मार्गात शिरलेली हवा काढताना जुन्या वाहनाचे पेडल तळापर्यंत दाबू नये, त्याखाली लाकडी ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरचा पुढचा भाग गाठत नाही, तेथे गंज व गाळ साचतो आणि त्यावरून घसटलेली जुनी सील फाटतात. एक नळी बदलल्यावर आठवडाभरातच मास्टर सिलिंडर निकामी होण्यामागे अनेकदा हेच कारण असते. म्हणून हवा काढून झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे, आणि पहिले काही दिवस टाकीची पातळी रोज पाहून प्रत्येक नवा जोड कोरड्या कापडाने पुसून तपासावा.