इलेक्ट्रॉनिक वस्तूंची किंमतघट

ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तू बाजारात आल्यानंतर उत्तरोत्तर स्वस्त होत जाण्याची प्रक्रिया. ही घट दोन प्रकारची असते आणि बोलताना दोन्हींची सरमिसळ होते. एकात तेच मॉडेल काही महिन्यांनी कमी किमतीला मिळते. दुसऱ्यात किंमत फारशी हलत नाही, पण तेवढ्याच पैशांत वेगवान प्रोसेसर आणि जास्त मेमरी मिळते. लॅपटॉपचे दर वर्षानुवर्षे तिथल्या तिथेच आहेत, ही तक्रार या दुसऱ्या घटीकडे डोळेझाक करते. महागाई मोजणारे संख्याशास्त्रज्ञ म्हणूनच वस्तूच्या गुणवैशिष्ट्यांचा हिशेब करून दर्जासापेक्ष किंमत काढतात. अमेरिकेने राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेमोडीत संगणकांसाठी ही पद्धत १९८५ मध्ये स्वीकारली.

खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १९७२ मध्ये ३९५ डॉलरला विक्रीस आला. ते दशक सरण्याच्या आत बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करणारे साधे कॅल्क्युलेटर २० डॉलरच्याही खाली आले होते. आधीच्या टेबलावरच्या यंत्रांत अनेक सुटे भाग एकमेकांना जोडावे लागत. १९७१ च्या सुमारास हे सारे गणित एकाच चिपवर मावले. जोडणीची मजुरी घटली, बिघडण्याच्या जागाही कमी झाल्या. शिवाय चिप विकत घेऊन कॅल्क्युलेटर जुळवणे कोणालाही जमू लागले आणि किमतींची शर्यत लागली. तिच्यात सुरुवातीची आघाडीची कंपनी बोमार १९७५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिला चिप पुरवणारी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स स्वतःच कॅल्क्युलेटर विकू लागली होती.

चिप स्वस्त का होते, हे कारखान्यात पाहावे लागते. सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच वेळी शेकडो चिप घडवल्या जातात आणि चकतीवरच्या प्रक्रियेचा खर्च जवळपास ठरलेला असतो. प्रक्रिया नवी असताना धुळीचा कण, रसायनाचा असमान थर अशा कारणांनी बऱ्याच चिप वाया जातात, आणि त्यांचा भार चांगल्या चिपांवर पडतो. समजा ५०० पैकी आधी २०० चिप चालत होत्या आणि दोष हुडकून काढल्यावर ४५० चालू लागल्या, तर नवा शोध न लावताही चिपमागचा खर्च निम्म्याखाली येतो. चकतीचा व्यास २०० मिलिमीटरवरून ३०० वर गेला तेव्हा क्षेत्रफळ सव्वादोन पट झाले, ती बचत निराळी.

हाताला सवय होत गेली की खर्च उतरतो, हे अमेरिकी विमान-अभियंते थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनावरून दाखवले होते: एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर नगाचा खर्च ठरावीक टक्क्यांनी घटतो. पुढे इंटेल या चिप कंपनीचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांचे १९६५ चे भाकीत, चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल, अधिक गाजले. १९७५ मध्ये त्यांनी ही मुदत दोन वर्षांवर नेली. त्याला ‘मूरचा नियम’ म्हटले जाते, पण तो निसर्गाचा नियम नव्हे. अख्ख्या उद्योगाने त्याला आपले वेळापत्रक मानले, म्हणून तो इतका टिकला.

विक्रेत्याचे डावपेच हाही एक भाग आहे. थांबायची तयारी नसलेल्यांकडून आधी चढी किंमत घ्यायची, मग खाली उतरायचे. ८ जीबीचा पहिला आयफोन जून २००७ मध्ये ५९९ डॉलरला आला आणि अवघ्या दहा आठवड्यांत ३९९ वर आणला गेला. आधीचे ग्राहक इतके खवळले की ॲपलला त्यांना ॲपलच्याच दुकानात वापरायचे १०० डॉलरचे व्हाउचर द्यावे लागले.

घसरण शून्यापर्यंत मात्र जात नाही. बाह्य कवच, चार्जर, खोका, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे खर्च चिपसारखे आक्रसत नाहीत. त्या पातळीला पोचलेले मॉडेल आणखी स्वस्त होण्याऐवजी बंद होते. दुरुस्तीची मजुरीही घटत नाही, त्यामुळे नवी वस्तू घेणे परवडते आणि ई-कचरा वाढतो.

किमती उलट्याही फिरतात. थायलंडमधील २०११ च्या पुरात कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्क जगभर महागल्या. गेमिंग कन्सोल वयोमानाने स्वस्त होतात, ही तर जुनी रीत. पण सोनीने ऑगस्ट २०२२ मध्ये, प्लेस्टेशन ५ बाजारात येऊन पावणेदोन वर्षे झाली असताना, युरोप आणि जपानसह अनेक देशांत त्याची किंमत वाढवली.