वाद्यांच्या जाहिरातींतील लिंगभाव

गिटार, ड्रम, सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य), अॅम्प्लिफायर यांच्या जाहिरातीत वाजवणारा कोण आणि शेजारी नुसते उभे कोण, याची एक रूढी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व ब्रिटनमध्ये पक्की झाली. वाद्य पुरुषाच्या हातात आणि बाई शोभेला, अशी ती रूढी. ती मोडू लागल्यावर ‘वाद्यांत राजकारण आणू नका’ ही तक्रारही सुरू झाली. प्रस्तुत नोंद या दोन्हींविषयी आहे.

गिटार मुळात पुरुषी वाद्य नव्हते. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या मध्यमवर्गीय घरांत मुलींना पियानोबरोबर गिटारही शिकवत. दिवाणखान्यात वाजणाऱ्या लहान अंगाच्या गिटारीला ‘पार्लर गिटार’ म्हणतात ते त्यामुळेच. १९५२ मध्ये गिब्सन कंपनीने गिटारवादक लेस पॉल यांच्या नावाची इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा तिच्या जाहिरातींत त्यांच्यासोबत त्यांची पत्नी, गायिका-गिटारवादक मेरी फोर्डही गिटार घेऊन दिसत. पुढे रॉक संगीताच्या भरात चित्र पालटले. ‘गिटार वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकाच्या वार्षिक खरेदी-मार्गदर्शिकेत अनेक वर्षे बिकिनीतल्या मॉडेलच्या हाती गिटारी दिलेल्या असत. ही प्रथा बंद करत असल्याचे मासिकाने २०१६ मध्ये सांगितले.

छायाचित्रात बाई शोभेला असली, तरी कारखान्यात ती नेहमीच कामाला होती. दुसऱ्या महायुद्धात गिब्सनच्या अमेरिकेतील कलामाझू येथील कारखान्यात गिटारी घडवणाऱ्या बहुतांशी बायका होत्या. फेंडर या गिटार कंपनीत अॅबिगेल यबारा १९५६ साली लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. केसासारखी बारीक तांब्याची तार बोटांच्या चिमटीत धरायची, ती सैल पडू द्यायची नाही की तुटूही द्यायची नाही, आणि फिरत्या रिळावर हजारो वेढे घालत पिकअप (तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग) तयार करायचा, हे त्यांचे काम. पिकअपच्या तळाशी त्यांची आद्याक्षरे असली, तर आज गिटारीची किंमत वाढते. जाहिरातींनी अशा हातांना इतकी वर्षे जागा दिली नाही, हा प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

अमेरिकेत २००० साली टिश सिराव्होलो यांनी ‘डेझी रॉक’ ही मुलींसाठीची गिटार कंपनी काढली. डेझीच्या फुलाच्या, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या गिटारी आणि लहान हाताला पेलेल अशी बारीक मान. मान उपयोगाची होती. फुलाबद्दल मात्र मतभेद राहिले. ज्या मुलीला फूल नको, तिने कुठली गिटार घ्यायची? वाद्याच्या मापाला बाईपुरुषाचे नाव देणे आपल्याकडेही आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मर्दानी आणि जनानी असे दोन मापांचे तंबोरे मिळतात. पण तिथला फरक पट्टीचा, म्हणजे गळ्याच्या मूळ सुराच्या उंचीचा आहे (ती पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगतात): काळी एकच्या गळ्याला लांब तार आणि मोठा भोपळा लागतो, काळी चार-पाचच्या गळ्याला आखूड तार पुरते. तो सुराच्या गरजेतून आला आहे, रंगरूपातून नव्हे. अर्नी बॉल म्युझिक मॅन या कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकन गायिका-गिटारवादक सेंट व्हिन्सेंट (अॅनी क्लार्क) यांच्यासोबत आणलेली गिटार याच वाटेची. वजनाला हलकी, अंगाने अरुंद, छातीला न रुतणारी. ती पुरुषही वाजवतात.

बदलामागे व्यापारी हिशेबही होता. अमेरिका व ब्रिटनमधल्या नव्याने गिटार शिकणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आहेत, असे फेंडरने करवून घेतलेल्या पाहणीतून २०१८ मध्ये पुढे आले. निम्मे गिऱ्हाईक जाहिरातीत दिसत नसेल, तर ती जाहिरात धंद्यालाही परवडणारी नाही.

तरीही गिटार घेतलेली बाई, कृष्णवर्णीय ड्रमवादक किंवा पारलिंगी कलावंत जाहिरातीत आले, की काही ग्राहकांना ते राजकारण वाटते. आम्हाला फक्त वाद्याचे बोला, असे ते म्हणतात. यातल्या अनेकांचा वैताग प्रामाणिक असतो. कंपन्या विक्रीसाठी मूल्यांचा मुलामा देतात, हा त्यांचा संशय तर खोडून काढणे कठीण आहे. पण बिकिनीतले चित्रही बाईच्या जागेविषयी काहीतरी ठामपणे सांगतच होते. ते सवयीचे होते, म्हणून त्याला राजकारण हे नाव पडले नाही. वाद्यांचा इतिहासही या तक्रारीला साथ देत नाही. मूग सिंथेसायझर घरोघर माहीत झाला तो १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी त्यावर वाजवलेल्या जर्मन संगीतकार बाखच्या रचनांमुळे, आणि कार्लोस या पारलिंगी स्त्री आहेत.

ब्रिटनमध्ये अपायकारक लिंगभावी साचे दाखवणाऱ्या जाहिरातींवरचा नियम जून २०१९ पासून लागू आहे. भारतात जाहिरात मानक परिषदेने (अॅस्की) जून २०२२ मध्ये तशीच मार्गदर्शक तत्त्वे आणली. ती वाद्यांच्या जाहिरातींनाही लागू पडतात. त्यांनुसार पुरुष गिटार वाजवताना दाखवण्यात काहीच गैर नाही. हे काम फक्त त्याचेच, असे सुचवणे मात्र गैर आहे.